इंजिन फुटलं तरी निचरा चोख

अमेरिकेत २०२२ च्या उन्हाळ्यात एक लाखाहून थोड्या जास्त हायब्रिड गाड्यांना सुरक्षेच्या कारणावरून दुरुस्तीसाठी परत बोलावलं गेलं. त्यांत एक छोटेखानी, गोंडस, मागे हौदा असलेली पिकअपही होती. भानगड समजायला सोपी होती. अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन काही गाड्यांत चालता चालता आतून मोडायचं, मग तेल आणि पेट्रोलची वाफ बॉनेटखाली साचायची. शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असल्यामुळे पुढचं काम कोणी न सांगता व्हायचं. यावर शोधून काढलेला इलाज असा, की इंजिनाखालच्या आवरणाला भोकं पाडायची आणि पुढच्या जाळीमागच्या झडपेच्या काही पट्ट्या काढून टाकायच्या.

इंजिन तेच, मोडायची सोय तीच, भोकं तेवढी नवीन.

या इलाजामागचा विचार नीट समजून घ्यायला हवा. इंजिन मोडू नये हा त्याचा उद्देश नव्हताच. इंजिन मोडल्यावर त्यातलं तेल गाडीतच ठाण मांडून न बसता रस्त्यावर जावं आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळावी, एवढी माफक अपेक्षा होती. छप्पर गळतं म्हणून घरमालकाने फरशीला भोक पाडून द्यावं आणि भाडेकरूने ‘आता पाणी साचत नाही हो’ म्हणत समाधानाने झोपावं, तशातली ही गोष्ट.

आता ही झडप मुळात कशासाठी असते? गाडी वेगात असताना तिच्या पट्ट्या मिटतात, वारा बॉनेटच्या आत न शिरता वरून निघून जातो आणि पेट्रोलचे चार थेंब वाचतात. खालचं आवरणही बरंचसं त्याच कामाचं. हायब्रिड घेणारा माणूस या चार थेंबांसाठीच जास्तीचे पैसे मोजतो. मिशिगनमध्ये जाऊन दोन पिढ्या झालेला मराठी माणूसही शोरूममध्ये पहिला प्रश्न ॲव्हरेजचाच विचारतो, आणि या पिकअपच्या कागदांवर शहरातल्या वापरासाठी लिटरला सतरा किलोमीटरच्या पुढचा आकडा वाचून त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते नातवाच्या बारशालाही येत नाही. त्या आकड्यासाठी जी झडप बसवली, तिच्याच पट्ट्या सुरक्षेसाठी उपटायच्या. काढलेल्या पट्ट्या मालकाला घरी न्यायला देतात की नाही, हे पत्रात लिहिलेलं नसतं.

हा निर्णय ज्या बैठकीत झाला असेल, तिची नुसती कल्पना करून पाहावी. लांब टेबल, थंडगार कॉफी, भिंतीवर मोडक्या इंजिनाचं चित्र. हिशेबवाले पहिल्या पाच मिनिटांत सांगतात की लाखभर गाड्यांची इंजिनं बदलायची तर आकडा लिहायला कागद आडवा धरावा लागेल, आणि ड्रिलचं पातं मात्र एकदा आणलं की कित्येक गाड्यांना पुरतं. वकील म्हणतात, भोकाला हरकत नाही, पण ते खालच्या बाजूलाच हवं. वरून पाडलं तर पाऊस आत गेल्याची नवी तक्रार येईल. मग भोकं किती यावर चर्चा. दोन पाडली तर कंजूषपणा दिसेल, वीस पाडली तर आवरण कशाला लावलं होतं असं कोणीतरी विचारेल. व्यास किती, यासाठी उपसमिती. जाहिरातवाल्यांना भोकं बघताक्षणी आवडतात. पुढच्या वर्षीच्या मॉडेलला ती कारखान्यातूनच पाडून ‘साहसी प्रवासा’च्या जादा पॅकेजमध्ये विकता येतील का, असं ते विचारतात. एवढ्यात कोपऱ्यात बसलेला, नोकरीला लागून वर्षही न झालेला एक इंजिनीअर हात वर करून विचारतो, “पण इंजिन मोडतं कशामुळे?” खोलीत शांतता पसरते. त्या मुलाला भोकांच्या कडा घासून गुळगुळीत करण्याच्या उपसमितीवर नेमलं जातं आणि बैठक पुढे सुरू होते. कोणीतरी आठवण करून देतं की ही पिकअप आहे, लोक ती चिखलात घालतील, भोकं बुजतील. मग बुजलेली भोकं मोकळी करण्याचं वेळापत्रक, त्यासाठी लागणारी काडी, काडीचा पार्ट नंबर, आणि काडी चुकीच्या भोकात घातल्यास कंपनी जबाबदार नाही असं सांगणारं पिवळं लेबल. शेवटी लेबल चिकटवायला जागा उरत नाही, कारण तिथे भोक असतं.

इथवर सगळी कल्पना. पुढचं मात्र कोणी कल्पून लिहिलं असतं तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

२०२३ मध्ये पुन्हा पत्रं निघाली. या वेळी गाड्या सव्वा लाखाच्या घरात. जुनी यादी वाढवली होती आणि सोबत खुलासा होता, की ज्यांनी आधीच्या इलाजाप्रमाणे काम करून घेतलं आहे त्यांनाही नवा इलाज करून घ्यावा लागेल. म्हणजे जो मालक पहिलं पत्र मिळताच कामावर दांडी मारून, सकाळी सकाळी सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन, शहाण्यासारखी भोकं पाडून घेऊन आला, तो आणि ज्याने पत्र न फोडताच कचऱ्यात टाकलं, ते दोघे आता एकाच रांगेत. आळशाचा फायदा इतकाच, की त्याच्या झडपेच्या पट्ट्या अजून शाबूत. आणि नवा इलाज काय? तो म्हणे तेव्हा तयार होत होता.

तोवर मालकाने काय करायचं, याच्या सूचना होत्या. इंजिनाचा अनपेक्षित आवाज आला, गाडीची ओढ अचानक कमी झाल्यासारखी वाटली किंवा धूर दिसला, तर गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवा आणि इंजिन ताबडतोब बंद करा. तिसरी सूचना विशेष आहे. धूर दिसल्यावर गाडी थांबवावी हे लोकांना सुचणार नाही, अशी शंका कोणाला तरी खरोखर आली असावी. पण खरी गोची पहिल्या सूचनेत आहे. हायब्रिड गाडीत अपेक्षित आवाज कोणता? सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडतं, गाडी निमूट विजेवर सरकते, मग बॅटरी उतरली की कोणाला न विचारता इंजिन घुर्र करून जागं होतं. ब्रेक दाबला की मोटर जनरेटर होऊन वीज बनवते, त्याचा एक बारीक सूर असतो. ज्या यंत्राचा प्रत्येक आवाज अनपेक्षित, त्याचा मालक डावा कान बॉनेटकडे लावून, रेडिओ बंद करून, बायकोला बोलू न देता कामावर जातो. तो रंगारी असेल तर त्याला पगार रंगकामाचा मिळतो; इंजिनाच्या निदानाचं काम तो फुकट करतो.

भोकांचा हा संप्रदाय एका पिकअपपुरता नाही. २०२२ च्याच शेवटी तीन सिलिंडरच्या साध्या पेट्रोल इंजिनाच्या पाच लाखांवर छोट्या एसयूव्ही परत बोलावल्या गेल्या. त्यांच्या इंजेक्टरला चीर पडून पेट्रोल इंजिनावर ठिबकायचं. इलाज म्हणून गळतीचा अंदाज घेणारं सॉफ्टवेअर आणि ठिबकलेलं पेट्रोल गाडीखाली जमिनीवर नेऊन सोडणारी एक नळी. इंजेक्टर सरसकट बदलून देण्याचा विषय नव्हता. २०२५ मध्ये त्याच इंजेक्टरपायी जवळपास सात लाख गाड्यांना पुन्हा पत्रं गेली. नळी आणि भोक ही एकाच घराण्यातली भावंडं. आग लागण्याआधीचं त्यांना काही दिसत नाही, नंतरचं मात्र सगळं दिसतं.

पिकअपच्या मालकाला एवढ्यावर सोडलं असतं तरी चाललं असतं. २०२४ मध्ये कळलं की गाडीतल्या एका नियंत्रकाला मागच्या दिव्यांत वीज जास्त वाहते असा नुसता भास होतो आणि तो एका बाजूचे किंवा दोन्ही बाजूंचे मागचे दिवे लावतच नाही. दोन लाख बेचाळीस हजारांवर पिकअप, अंधारात, मागून अदृश्य. त्याच वर्षी ही पिकअप आणि तिची एसयूव्ही बहीण मिळून साडेचार लाखांवर गाड्यांना आणखी एक पत्र आलं: साधी बारा व्होल्टची बॅटरी चालत्या गाडीत मान टाकते आणि गाडीतल्या संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. ज्या संगणकाला नसलेली वीज दिसते, त्याला मेलेली बॅटरी दिसत नाही.

तक्रार करायला बंदी नाही, हेही नमूद केलं पाहिजे. सरकारी अर्ज आहे. त्यात गाडीचा सतरा अक्षरी क्रमांक विचारतात, अपघात झाला का, आग लागली का, किती जखमी, किती मृत, पोलिसांत नोंद आहे का, हे विचारतात. नुसता आवाज आलेला माणूस हे रकाने भरताना शरमतो. जखमी शून्य, मृत शून्य लिहिताना आपण सरकारचा वेळ खातोय असं त्याला वाटू लागतं. असे अर्ज साठत जातात, कोणीतरी त्यांचा ढीग चाळतं, त्यातून एक आकृती दिसू लागते आणि मग चौकशी उघडते. म्हणजे कारखान्यात जी चाचणी व्हायला हवी होती ती रस्त्यावर होते, पैसे भरून गाडी घेतलेल्या माणसांकडून होते, मागच्या सीटवर त्यांची मुलं बसलेली असताना होते. विमानाच्या चाचणीला निदान पगारी वैमानिक असतो. इथे गवंडी, प्लंबर, बागकाम करणारे लोक आहेत. हौद्यात अवजारं आहेत, आणि गाडी एक दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये अडकली की त्या दिवसाची मजुरी बुडते. दुरुस्ती फुकट आहे, १९७४ च्या कायद्याने फुकट आहे, गाडी पंधरा वर्षांची होईपर्यंत फुकट आहे. बुडालेली मजुरी कोणत्या कलमात बसते ते मात्र कोणी सांगत नाही. बदली गाडी द्यावीच, असं कायदा म्हणत नाही. काउंटरवरच्या माणसाचा मूड म्हणतो.

नव्या गाडीत दोष जाहीर झाला असेल तर दुरुस्त केल्याशिवाय ती विकता येत नाही. मोठ्या भाड्याच्या कंपन्यांना तशी गाडी भाड्याने देता येत नाही. २०१५ च्या कायद्याने ती बंदी आली. जुनी गाडी मात्र विकणाऱ्याने तशीच विकावी, केंद्राच्या कायद्याची हरकत नाही. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यांत कमी पैसे आहेत, जो दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताची पिकअप घेतो, त्याच्यासाठीच दार सताड उघडं. पत्र जातं नोंदणीतल्या मालकाच्या पत्त्यावर, टपालाने. गाडी नुकतीच हातबदल झाली असेल तर ते जुन्या मालकाच्या दारात, पिझ्झाच्या कुपनांखाली.

आणि पत्र ज्याला मिळतं त्याच्यासाठी कायद्यात एक खास कलम ठेवलेलं आहे. गाडी आणून दिल्यापासून ६० दिवसांत नीट दुरुस्त झाली नाही, तर वाजवी मुदत उलटली असं सकृद्दर्शनी मानतात. मग गाडी बदलून देणं किंवा पैसे परत करणं कंपनीच्या गळ्यात पडू शकतं. वाचून बरं वाटतं. पुढचं कलम वाचू नये. सुटे भाग मिळतील म्हणून कंपनीने पत्रात जी तारीख दिली असेल, तिच्याआधी आणलेली गाडी ही ‘आणून दिलेली’ धरायचीच नाही. मालक काउंटरवर उभा आहे, किल्ली त्याच्या हातात आहे, गाडी बाहेर दारात आहे, आणि कायद्याच्या लेखी यांपैकी कोणीही तिथे आलेलं नाही. ६० दिवसांचं घड्याळ कंपनीच्या खिशात, चावी द्यायची तेव्हा तीच देणार. ‘इलाज तयार होतोय’ या चार दिवसांच्या वाक्यावर महिनेच्या महिने काढता येतात ते असे.

बँकेचं असलं काही नसतं. तिच्या लेखी गाडी पहिल्या दिवशीच आलेली असते आणि हप्ता ठरल्या तारखेला कापला जातो. तेव्हा बदल करायचाच असेल तर एवढाच करावा: सुटे भाग कधी येणार ती तारीख कंपनीने नाही, सरकारने ठरवावी, ती उलटली की रोजच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे कंपनीने मालकाच्या खात्यात भरावेत, आणि इलाज तयार होईपर्यंत हप्ता बँकेला तिनेच द्यावा. एवढं छापून आलं की त्या बैठकीतल्या कोपऱ्यातल्या मुलाला त्याचा प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला सांगतील, आणि या खेपेला हिशेबवाले स्वतः वही उघडून बसतील.