उधारीच्या मोटारीचे माहात्म्य

इंग्लंडात मोटार हाकणाऱ्या माणसाच्या आयुष्यातील परम भाग्याचा क्षण कोणता, असे कुणी विचारले, तर मी निःसंकोचपणे सांगेन की, तांबडा दिवा पाहून तो शहाण्यासारखा थांबला असताना एखाद्या बेसावध इसमाने मागून येऊन त्याच्या मोटारीचे बूड चेपावे, तो. ठोकरणारा मागचा, थांबलेला पुढचा. अपराध कुणाचा याविषयी दुमत संभवत नाही. आणि हे एकदा निश्चित झाले की त्या थांबलेल्या गृहस्थाचे सामान्य नागरिकत्व संपुष्टात येऊन तो एका फार मोठ्या उद्योगाचा कच्चा माल होतो.

आपल्याकडे असले प्रकरण रस्त्यावरच निकालात निघते. दोन रिक्षावाले, एक पानपट्टीवाला आणि ज्यांचा कशाशीच संबंध नाही असे एक पेन्शनर यांची पंचायत भरते, "जाऊ द्या हो साहेब, मिटवून टाका" असा फैसला होतो, आणि पत्रा ठोकून सरळ करण्यापुरती रक्कम हातावर पडली की उभय पक्ष आपापल्या वाटेला लागतात. पण हाच गृहस्थ हॅरोला किंवा स्लाउला बिऱ्हाड करून राहिलेला असेल, तर तो पॉलिसीवर छापलेला क्रमांक फिरवतो, आणि पलीकडून त्याची अशी विचारपूस होते की सख्ख्या मावशीनेही इतक्या मायेने केली नसती. कुठे लागले तर नाही ना? आपल्या स्वतःच्या विम्याला हात लावण्याची गरज नाही. नो-क्लेम बोनस अबाधित राहील. पदरचा पेनीही जाणार नाही. आणि आपल्याच तोलामोलाची मोटार उद्या सकाळी दारात उभी असेल.

ती खरोखरच उभी असते. घेऊन आलेला तरुण चारी बाजूंनी तिची छायाचित्रे टिपतो, किल्ली हातावर ठेवतो, आणि भुरभुरत्या पावसात टॅब्लेट बॉनेटवर टेकवून, "इथे एक सही, इथे एक, आणि इथे शेवटची," असे म्हणत करारनाम्याची पाने बोटाने अशा वेगाने सरकवतो की ती वाचण्याचा आग्रह धरणे हे आलेल्या पाहुण्याचा अपमान केल्यासारखे वाटावे. त्या पानांतील मजकूर थोडक्यात असा असतो की, ही मोटार फुकट नसून उधारीवर भाड्याने घेतलेली आहे. हमरस्त्यावरच्या दुकानात रोख मोजून पडले असते त्याहून पुष्कळ अधिक असे तिचे रोजचे भाडे कायद्याने या गृहस्थाच्याच डोक्यावर आहे. आणि ते त्याच्या नावाने, पण कंपनीच्या वकिलामार्फत, अपराध्याच्या विमा कंपनीकडून वसूल करावयाचे आहे. 'क्रेडिट हायर' या नावाने तिकडे विख्यात असलेला व्यवहार तो हाच. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा आपला जुना दानधर्म इतक्या शास्त्रशुद्ध पायावर उभारलेला मी अन्यत्र पाहिला नाही. इकडे मूळ मोटार गॅरेजात पडलेली असते. सर्व्हेअर छायाचित्रांची वाट पाहतो, गॅरेजवाला सर्व्हेअरच्या मंजुरीची, मंजुरी एका सुट्या भागाची. आणि भाडे मात्र कुणाचीच वाट न पाहता दिवसामागून दिवस चढत राहते.

आता विमा कंपन्यांची कैफियत ऐकावी. ही निव्वळ लूट आहे, भाड्याचे दर अवाच्या सवा आहेत, आणि त्याचा बोजा शेवटी गरीब बिचाऱ्या विमेदारावर पडतो, असा आक्रोश त्या गेली कित्येक वर्षे करीत आहेत, आणि तो अक्षरशः खरा आहे. फक्त एक क्षुल्लक प्रश्न शिल्लक राहतो: आपल्या गृहस्थाचा ठावठिकाणा त्या मोटारवाल्या कंपनीला दिला कुणी? पुष्कळदा त्याच्याच विमा कंपनीने, आणि अर्थातच दस्तुरी घेऊन. 'अ' कंपनीचा निरपराध विमेदार 'ब' कंपनीच्या खर्चाने मोटारीत बसतो, 'ब' कंपनीचा 'अ'च्या. दोघी उजव्या हाताने एकमेकींविरुद्ध तक्रारअर्ज लिहितात आणि डाव्या हाताने दस्तुरी मोजून घेतात. शरीराच्या दुखापतीच्या दाव्यांवरील असली दस्तुरी पार्लमेंटने २०१२च्या कायद्याने बंद केली आणि २०१३च्या एप्रिलपासून ती बंदी अमलात आली. मोटारीच्या भाड्यावरील दस्तुरीला मात्र तिने हात लावला नाही. तात्पर्य, अपघातात लचकलेल्या मानेची दलाली निषिद्ध, चेपलेल्या बंपरची शिष्टसंमत. शिवाय या भांडणाऱ्या पक्षांनी १९९९ सालापासून आपसांत एक तहनामाही करून ठेवलेला आहे, ज्यात कोणत्या वर्गाच्या मोटारीला रोज किती भाडे द्यावयाचे हे ठरलेले असते. ज्याला लूट म्हणावयाचे तिचेच दरपत्रक लुटणाऱ्याबरोबर बसून मंजूर करावयाचे, ही सभ्यता आपल्या पेंढाऱ्यांना साधली नव्हती.

परंतु या विषयातील खरा रस विमा कंपन्यांत नसून न्यायमंदिरात आहे, आणि त्यासाठी थोडे मागे, ग्रीस देशातील पात्रास बंदरात, जावे लागते. १९२८ साली तेथे लीसबॉश नावाचे गाळ काढणारे एक जहाज धक्क्याशी बांधलेले असताना एडिसन नावाच्या आगबोटीने त्याचे दोरखंड आपल्यात गुरफटवून त्याला समुद्रात ओढून नेले, आणि ते बुडाले. मालकांच्या डोक्यावर बंदराच्या कामाचा मक्ता होता, पण नवे जहाज घेण्याइतका पैसा गाठीला नव्हता. म्हणून त्यांनी जबर भाड्याने दुसरे जहाज आणून काम रेटले. १९३३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने फैसला दिला की, बुडालेल्या जहाजाची किंमत आणि तदनुषंगिक नुकसान मिळेल, पण जो जास्तीचा खर्च मालकांच्या निर्धनतेमुळे झाला तो त्यांचा त्यांनी सोसावा. आगबोटीने जहाज बुडवले होते, दारिद्र्य काही आगबोटीने आणले नव्हते! या तर्कशास्त्राच्या निर्दयतेला एक प्रकारचे सौंदर्य आहे हे मान्य केले पाहिजे.

पुढे मोटारींचे युग आले. २००० साली डायमंड विरुद्ध लव्हेल या खटल्यात त्याच सभागृहाने प्रथम असे ठरविले की, १९७४च्या ग्राहक-कर्ज कायद्याने घालून दिलेल्या नमुन्यात करारनामा नसल्यामुळे डायमंडबाईंवर भाड्याचे देणेच लागू होत नाही, आणि ज्या अर्थी त्यांना देणे नाही त्या अर्थी ठोकरणाऱ्यालाही नाही. बाई मोटारीतून फिरून आल्या ते फिरल्या. पैसे कुणीच कुणाला द्यावयाचे नाहीत. (धंदेवाल्यांनी ताबडतोब करारनामे त्या कायद्यातून सुटणाऱ्या बारा महिन्यांच्या मुदतीत बसवून ही भोके बुजविली, हे सांगावयास नकोच.) त्याच निकालात असेही सूचित झाले होते की उधारीचा चढा दर न देता बाजारातील रोख भाड्याचाच दर द्यावा. मग २००३च्या डिसेंबरात लॅग्डेन नावाचे गृहस्थ उभे राहिले. नोकरी नाही, प्रकृती बरी नाही, आणि मालमत्तेत एक दहा वर्षांची जुनी फोर्ड ग्रॅनाडा. रोख भाडे आगाऊ भरण्याची ज्याची ऐपतच नाही त्याने उधारीच्या दारात न जावे तर कुठे जावे, असा प्रश्न पाच न्यायमूर्तींपुढे आला, आणि तिघांनी दोघांविरुद्ध निकाल दिला की अशा माणसाला उधारीचा पूर्ण दर मिळालाच पाहिजे. पात्रास बंदरात बुडालेले दारिद्र्य अशा रीतीने सत्तर वर्षांनी वर आले.

न्याय झाला, यात शंका नाही. मीही त्या तिघांच्या बाजूचा. पण कायद्याने दारिद्र्याला किंमत देऊ केली की ते साधार सिद्ध करावे लागते, आणि मग कौंटी कोर्टात जे दृश्य दिसते ते नाटककार गडकऱ्यांनी पाहिले असते तर एक प्रवेश हमखास लिहिला असता. ज्याने आयुष्यभर शेजाऱ्यापाजाऱ्यांत आपली ऐपत असेल त्याहून चार पैसे अधिकच दाखविली, तो आपला गृहस्थ आता बँकेचे उतारे, पगाराच्या चिठ्ठ्या आणि क्रेडिट कार्डाचे हिशेब रुजू करून, आपण वस्तुतः किती कफल्लक आहो हे शपथेवर सांगत असतो. प्रतिपक्षाचा तरुण बॅरिस्टर पिवळ्या शाईने अधोरेखित केलेली एक ओळ दाखवितो. अपघातानंतरच्या महिन्यात मुंबईची विमानतिकिटे काढलेली दिसतात, ती कशी? आईला भेटायला. बचत खात्यात एवढे पौंड पडून होते, ते का नाही काढले? मुलीच्या शिक्षणासाठी ठेवले होते. बसने का नाही गेलात? न्यायाधीश चष्म्यावरून पाहतात. जो वाजवीपणे अपेक्षिता येणार नाही असा त्याग केल्यावाचून भाडे भरता आले असते काय, ही कसोटी. आणि मातृदर्शन हे त्या त्यागात मोडते की चैनीत, याचा निर्णय मिडलसेक्स परगण्यातील एक माणूस दुपारच्या जेवणापूर्वी देणार असतो. मागून येऊन ठोकरणारा इसम मात्र या सबंध कारवाईत कुठेच नसतो. त्याला कुणी बोलावीतही नाही.

श्रीमंतांची अडचण याच्या उलट. एका नामांकित फुटबॉलपटूची मर्सिडीज ठोकरली गेली, तेव्हा तिच्या जागी आलेल्या ॲस्टन मार्टिनचे भाडे ९४ दिवसांत ६३ हजार पौंडांवर गेले. त्याला निर्धनतेचा आश्रय घेण्याची सोय नव्हती. साहजिकच असल्या मोटारीचा रोख बाजारभाव काय, या प्रश्नाचा खल २०१० आणि २०११ अशा दोन वेळा अपिलाच्या कोर्टापर्यंत गेला.

सरकारही स्वस्थ बसले नाही. २०१२ साली फेअर ट्रेडिंगच्या खात्याने असल्या मोटारींपायी आणि तशाच परभारे होणाऱ्या दुरुस्त्यांपायी दर साल २२ कोटी ५० लक्ष पौंडांचा फाजील भार पडत असल्याचा अंदाज करून प्रकरण स्पर्धा-आयोगाकडे धाडले. दोन वर्षे साक्षीपुरावे झाले. सप्टेंबर २०१४च्या अंतिम अहवालात निष्कर्ष निघाला की बिल भरणारा एक आणि बिल वाढविणारा दुसरा, हेच रोगाचे मूळ आहे; तथापि परिणामकारक आणि खर्चाच्या मानाने परवडेल असा इलाज सापडत नाही. सबब विम्याच्या दरांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांच्या काही करारांना मनाई करून दप्तर बांधण्यात आले.

इतके होईतो आपल्या गृहस्थाच्या पॉलिसीची मुदत भरत आलेली असते. गेल्या पाच वर्षांत अपघात झाला काय, या रकान्यात तो प्रामाणिकपणे 'होय' आणि पुढच्या रकान्यात 'माझा दोष नाही' असे भरतो, आणि हप्ता वाढून येतो. एकदा ठोकरला गेलेला मनुष्य पुन्हा ठोकरला जाण्याचा संभव अधिक, असे विमा कंपन्यांचे गणिती सांगतात. आणि त्या गणिताविरुद्ध फिर्याद चालविण्यास उधारीवर तयार असलेला वकील अद्याप कुणाला आढळलेला नाही.