लाईनभाऊ

‘लाईन हाये का जी?’ असं केशोरीत कोणी विचारलं, तर उत्तर देण्याआधी विचारणाऱ्याकडे नीट बघून घ्यावं. खांद्यावर फावडं असेल तर प्रश्न विजेचा. मिरचीच्या वाफ्यात पाणी अर्ध्यावर थांबलेलं असतं. हातात पिशवी आणि रेशनकार्ड असेल तर प्रश्न रांगेचा. ताजी हजामत आणि डोळ्यावर गॉगल असेल तर प्रश्न तुम्हाला नसतोच, तुमच्या मागे उभ्या असलेल्या दोस्ताला असतो आणि तिसऱ्याच कोणाबद्दल असतो. या तिघांनाही एकच उत्तर देऊन समाधानानं घरी धाडतो तो लाईनभाऊ.

लाईनभाऊ हे कोणा एकाचं नाव नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या कोणत्याही बऱ्यापैकी गावात हा वाण सापडतो. नवेगावबांधला आहे, गोठणगावला आहे. पण केशोरीचा अस्सल. केशोरीची मिरची नावाजलेली, तसा हाही. त्यामागे कारण आहे. गाव गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला, पुढे गडचिरोलीचं रान. वीज, रस्ता, साहेब, सातबारा, सगळं कुठून तरी निघतं आणि येता येता इथं पोचतं. टोकाला काय पोचेल आणि कधी, याचा नेम नसतो. मग मधे एक माणूस लागतो, काम करणारा नव्हे, काम कुठवर आलंय ते सांगणारा.

अंगात उभ्या लाईनीचा शर्ट. खिशात दोन मोबाईल, एक पेन आणि एक टेस्टर. टेस्टर पाहून नवख्या माणसाला हा लाईनमन वाटतो. लाईनमन वेगळा. महावितरण त्याला ‘जनमित्र’ म्हणतं, गाव अजून लाईनमनच म्हणतं. आमचा लाईनभाऊ आयुष्यात खांबावर चढलेला नाही. खांबावर चढलेल्याला खालून ‘जरा डावीकडची बघा जी’ म्हणणं, एवढाच त्याचा विजेशी संबंध. टेस्टरनं तो कान कोरतो.

त्याचं कसब बघायचं तर जानेवारीत, धानाच्या खरेदीच्या दिवसांत बसथांब्याजवळच्या टपरीवर बसावं. मी बसलो होतो. लाईनभाऊच्या भोवती तिघं. एकाची डीपी जळालेली, मिरची तोड्याला आलेली आणि पंप बंद. दुसऱ्याचा ट्रॅक्टर धान भरून खरेदी केंद्राच्या रांगेत उभा. काटा होईना, कारण बारदाना नव्हता. तिसऱ्या एक काकी, भाचीच्या सोयरिकीचा निरोप कुरखेड्याकडून यायचा होता. तेवढ्यात फोन वाजला. लाईनभाऊनं हात वर करून तिघांना गप्प केलं.

‘हव... हव जी... वरूनच अडली होती ना? मी म्हनतच होतो... नाई नाई, पैशाचं नंतर पाहू, आपलाच मानूस हाये तो... उद्या सकारी लाईन मोकरी? बस बस, झालं काम!’

फोन खिशात ठेवून त्यानं तिघांकडे पाहून मान हलवली. कोणा एकाकडे पाहून नव्हे, तिघांच्या मधोमध. पंपवाला उठून शेताकडे गेला, ट्रॅक्टरवाला निवांत जेवायला गेला, आणि काकी डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, ‘पैशाचं नंतर म्हनतेत म्हंजे मोठ्या मनाचे लोक दिसतेत.’ मी विचारलं, कोणाचा फोन होता? ‘घरून. न्हानीची पाईपलाईन तुंबली होती.’

याला लबाडी म्हणावं का? माझ्या मते नाही. खोटं तो एक अक्षर बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी डीपी बदलली गेली, धानाचा काटा त्यानंतर दोन दिवसांनी झाला, सोयरीक मात्र बारगळली. तीनपैकी दोन कामं झाली, ती लाईनभाऊनं केली. तिसरं झालं नाही, कारण ‘मुलाकडची लाईनच वेगळी निघाली जी.’ काकींना हे पटलंही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989 सालच्या आवृत्तीत सर्वात जास्त जागा ‘सेट’ या शब्दानं अडवली होती म्हणतात. त्या संपादकांना एक हंगाम केशोरीला ठेवायला हवं होतं. इथं पोरगा शाळेत जातो तो चार लाईनची वही घेऊन. मोठा झाला की बाप विचारतो, कोणत्या लाईनला जातोस? पोरगा त्या वेळी भलतीच लाईन मारत असतो. ते कळलं की बाप त्याला लाईनवर आणतो. रोवण्याच्या दिवसांत कृषी सहायक दोरी घेऊन येतात आणि लाईनीत रोवा म्हणतात. बाया दोरी संपेपर्यंत ऐकतात, मग हात चालेल तशी रोवतात. आणि धान विकायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी, आणि त्या ऑनलाइनसाठी पहाटेपासून लाईन. नंबर लागेपर्यंत लाईन जाते आणि ऑनलाइन बंद पडतं. हे वाक्य पुण्याच्या माणसाला दोनदा वाचावं लागेल. केशोरीत शेंबडं पोरही एका दमात समजतं.

यात जुनी लाईन रेल्वेची. अर्जुनीवरून गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग जातो, तो पूर्वी छोटी लाईन होती. अडीच फुटी रुळांवरची. नव्वदच्या दशकात ती मोठी झाली. लाईनभाऊचे वडील छोट्या लाईनीच्या जमान्यातले. एकेरी रुळावर स्टेशनमास्तरनं पुढच्या स्टेशनाला विचारून ‘लाईन क्लिअर’ घेतल्याबिगर गाडी सुटत नाही, ही गोष्ट ते अर्जुनीच्या फलाटावर शिकून आले. मुलानं ती रुळावरून उचलून गावात आणली. आता सोयरिकीपासून घरकुलाच्या हप्त्यापर्यंत सगळं क्लिअर होतं.

मी एकदा पांडित्य करायला गेलो. म्हटलं, भाऊ, हा शब्द निघाला लॅटिनमधल्या जवसाच्या नावावरून. जवसाच्याच झाडापासून तागासारखा धागा काढत, तो धागा म्हणजे मूळची लाईन. त्यानं चहा खाली ठेवला. आमच्या झाडीपट्टीत धान उभं असतानाच बांधीत लाखोळी आणि जवस हातानं फेकून पेरतात. उतेरा म्हणतात त्याला. ओळ नाही, तास नाही.

‘मंग जवसालेच लाईन कावून नाई देत जी आपन?’

मी अजून उत्तर शोधतोय.

मंडईत लाईनभाऊचं खरं रूप दिसतं. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, आणि रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक, तिकीट लावून, उजाडेपर्यंत. फाटकाशी लाईनभाऊ घसा फोडून उभा: ‘लाईनमधी या जी, लाईनमधी!’ सगळं गाव लाईनीत आत जातं. तो स्वतः कनातीच्या बाजूनं येतो, पुढच्या खुर्चीवर पाव्हण्यांशेजारी बसतो, आणि खलनायकाच्या ऐन हसण्यात वीज गेली की सगळे नटाकडे न बघता त्याच्याकडे बघतात. जनरेटर सुरू करणारा पोरगा वेगळाच असतो. उजेड आला की टाळ्या मात्र पुढच्या खुर्चीच्या दिशेनं पडतात.

यंदा त्याच्या मोठ्या पोराला बघायला लाखांदुराकडचे पाहुणे आले. मला मुद्दाम बोलावलं होतं. शिकलेला माणूस घरात दिसला तर बरं. पोहे झाले. मुलीच्या मामांनी घसा खाकरला.

‘मुलगा कोनत्या लाईनले हाये जी?’

मुलगा कोणत्याच लाईनला नव्हता. दोन वर्षं तो चार्जरला लावलेल्या मोबाईलशेजारी बसून होता. लाईनभाऊनं खिशातला टेस्टर काढला, विचारात पडल्यासारखा बोटांत फिरवला आणि शांतपणे म्हणाला, ‘आमच्याच.’

मामा टेस्टरकडे बघत राहिले. मग उभ्या लाईनीच्या शर्टाकडे. मग त्यांनी सोबतच्या पाहुण्यांच्या कानात काही तरी सांगितलं. बैठकीतला आवाज खाली आला, चहाला पुन्हा आधण ठेवलं गेलं, आणि सुपारीची तारीख त्याच बैठकीत ठरली.

निघताना मामांनी लाईनभाऊला बाजूला घेतलं, कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. त्यांच्या गावच्या जळालेल्या डीपीचा अर्ज होता, बावीस शेतकऱ्यांच्या सह्यांचा. लाईनभाऊनं तो उलगडून वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा घडी केला आणि मोबाईलामागं खोचला.

‘झालं समजा, मामाजी. लाईन टाकूनच ठेवतो.’