कालव्याला लॉटरी लागते

इंग्लंडमधला केनेट-एव्हन कालवा १८१० मध्ये पुरा झाला आणि १८५२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ताब्यात गेला. सवतीच्या हाती घर दिल्यावर दुसरे काय व्हायचे? रेल्वेने माल नेला, कालव्याला गाळ ठेवला. विसाव्या शतकाच्या मध्याला वाहतूक बंद पडली. मग स्वयंसेवक फावडी घेऊन उतरले आणि १९९० मध्ये राणीच्या हस्ते रीतसर उद्घाटन झाले.

याच कालव्यावर डिव्हायझेस गावाच्या चढावर २९ लॉक, म्हणजे नाव चढवणारे दारांचे हौद, आहेत. लाकडी दारे लावायची, हौद भरू द्यायचा, नाव दोनेक मीटर वर येते. की पुढचा हौद. ही दारे साधारण पंचवीस वर्षांत कुजतात. उद्घाटनाला फीत कापता येते, कुजक्या दारावर देणगीदाराची पाटी कुठे लावणार? अखेर १९९६ मध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून अडीच कोटी पौंड मिळाले. म्हणजे तिकीट काढून हरलेल्यांनी सुट्टीत नौकाविहार करणाऱ्यांची सोय केली.

२०१२ मध्ये सरकारने हा कालवा धरून इंग्लंड-वेल्समधले बहुतेक सरकारी कालवे एका धर्मादाय न्यासाकडे सोपवले. सोबत अनुदानही दिले; २०२७ पासून तेही वर्षागणिक आटवायचे ठरले आहे.