मांजरजातीला काळिमा

मांजर पाळण्यात एक मोठी सोय असते. आपण घरी आलो काय नि गेलो काय, त्याला सोयरसुतक नसतं. आमची मनी हाक ऐकून फक्त कान फिरवते, मान नाही. माणसाला आपली लायकी रोजच्या रोज कळवणारी इतकी शिस्तशीर संस्था दुसरी नाही. त्यामुळे किम्रिक मांजराचं वर्णन वाचलं आणि मला चीडच आली.

हे मांजर म्हणे मालकाच्या पायात घोटाळत घरभर फिरतं. फेकलेला चेंडू आणून देतं. दारात परका दिसला की गुरगुरतं. आणि हाक मारली तर येतं! अहो, याला आमच्याकडे कुत्रा म्हणतात. कुत्र्याला निदान हलवायला शेपूट तरी असतं. या पठ्ठ्याच्या तिथे बऱ्याचदा नुसती खळी. लाचारीची एवढी हौस आणि तिचं मुख्य अवजारच गायब!

मूळ आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटाचं. तिथलं बिनशेपटीचं मांजर म्हणजे मँक्स. त्याचेच केस लांब वाढले की किम्रिक. १९६०च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या पैदासकारांनी ही केसाळ पिल्लं जपून वाढवली आणि नाव ठेवलं वेल्सच्या नावावरून. घराणं एकीकडचं, संगोपन दुसरीकडचं, नाव तिसरीकडचं. याचा पासपोर्ट काढायचा तर एजंटसुद्धा हात टेकेल.

शेपूट गेलं कुठे? बेटावरची दंतकथा सांगते, की नोहाच्या तारवात हे सगळ्यांत शेवटी पोचलं आणि दार शेपटीवर बंद झालं. (उशिरा येणं, हे मात्र अस्सल मांजराचं लक्षण.) खरा प्रकार जनुकाचा. ते जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं, तर पिल्लू जन्माआधीच दगावतं. एकाकडून आलं तरी काही पिल्लांचा कणा अधू राहतो. इथे विनोद आवरता घेतलेला बरा. म्हणून जाणते पैदासकार दोन बिनशेपटीवाल्यांचं लग्न लावत नाहीत, सगोत्र स्थळ नाकारावं तसं नाकारतात. शेपूट असलेल्या भावंडांना प्रदर्शनात कुणी विचारत नाही, पण लग्नाच्या बाजारात त्यांना भलताच भाव!

बाकी रूप असं, की परकारानं काढलेलं वाटावं. डोकं गोल, डोळे गोल, पुठ्ठे तर विशेष गोल. गळ्याभोवती केसांची झालर, मागच्या मांड्यांवर केसांचाच चोळणा. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, त्यामुळे चाल सशासारखी. मांजर आणि सशाचा हा संकर, अशी अफवाही लोकांनी उठवली होती. शेपटीवाचून तोल जात असेल म्हणावं, तर त्या पायांच्या जोरावर हे थेट कपाटाच्या माथ्यावर.

बेटाला मात्र कौतुक फार. १९७० साली निघालेल्या तिथल्या क्राउन नाण्याच्या एका बाजूला राणी एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूला बिनशेपटीचं मँक्स मांजर. राणीच्या बरोबरीनं बसायला मिळालं, यात नवल नाही. आपली ती जागा मांजरांना जन्मतःच ठाऊक असते. नवल एवढंच, की नाणं उडवलं तर ते खाली पडायच्या आत किम्रिक धावत जाऊन तोंडात धरून परत आणून देईल.