घाटावर, घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दी नकाशात शोधू नयेत. नकाशा सांगतो, उत्तरेला मध्य प्रदेश, पश्चिमेला खान्देश, दक्षिणेला मराठवाडा. खरी हद्द जिल्ह्याच्या पोटातूनच जाते आणि ती एसटीत कळते.

"घाटावरचे का घाटाखालचे?" शेगावला शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं.

"पुण्याचा."

"ते असू द्या. चाल्ले कुठं?"

"लोणारला."

"मंग घाटावरचेच!" काका म्हणाले आणि नातेवाइकाला द्यावी तेवढी जागा त्यांनी सरकून दिली.

हा घाट म्हणजे अजिंठ्याचा डोंगर. खाली पूर्णेचं खोरं, काळी माती, कापूस आणि रेल्वे. खामगावच्या कापसाचा दबदबा असा, की तिथल्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला 1870 साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. घाटावर व्हाइसरॉय सोडा, रूळसुद्धा आला नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालू आहे. "आमच्याकडं रेल्वे येत नाही, सर्व्हे येते," काकांनी खुलासा केला. घाटाचं एकच समाधान, की साहेबांनी जिल्ह्याची कचेरी वर थंड हवेत नेऊन ठेवली. त्यामुळे घाटाखालच्याला कलेक्टरकडे तक्रार न्यायची, तर आधी चढण.

बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. 2019 साली इथे एक वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघून तेलंगणात डोकावून सुमारे तेराशे किलोमीटर चालत. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हिशोब लागला. घाटावरचा की घाटाखालचा, हे त्याला कोणी विचारलं नसावं.

लोणारचं विवर पाहून मात्र बडबड थांबते. अंतराळातून एक दगड आला, बेसॉल्टच्या कातळाला सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं भोक पाडलं आणि आत खारं तळं साचलं. पुराण म्हणतं, विष्णूने लवणासुराला इथे गाडला. गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात तो पुरावा कोरूनच ठेवलाय. शास्त्रज्ञांचं मात्र विवराच्या वयावर जमत नव्हतं: आधी पन्नासेक हजार वर्षं म्हणाले, मग पावणेसहा लाखांच्या आसपास. लग्नाच्या बायोडाटातसुद्धा वयाचा इतका फरक खपत नाही. जून 2020 मध्ये तळं एकाएकी गुलाबी झालं. खारेपणा वाढला की रंग धरणारे सूक्ष्मजीव फोफावतात, असं निदान निघालं. त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळीचा मान मिळाला.

पुढे सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा लागतं. ऑक्टोबर 1724 मध्ये निजाम-उल-मुल्कने इथे मोगल सुभेदार मुबारिझ खानाला हरवलं आणि हैदराबादच्या दौलतीचा पाया घातला. म्हणजे ज्या घराण्याचा शेवटचा निजाम जगातल्या धनाढ्यांत मोजला गेला, त्याचं खातं उघडलं ते इथे. पुढे 1853 मध्ये फौजेच्या खर्चाची थकबाकी चढली आणि त्याच घराण्याला हा सगळा वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. सिंदखेडराजा इंग्रजांकडे, शेजारचं जालना निजामाकडे! इथली सोयरीक जुळवायची म्हणजे दोन राजवटींचा मामला.

सिंदखेडराजात लखुजी जाधवांचा राजवाडा आहे, जिजाऊंचं जन्मस्थान. त्यांच्या जयंतीला, 12 जानेवारीला, इथे मुंगीला वाट मिळत नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी जा. इथल्याच काळाकोट किल्ल्याच्या भिंती एवढ्या जाड, की बांधणाऱ्यांना शत्रूपेक्षा चुन्याचाच भरवसा होता असं वाटतं.

परतीची रेल्वे पकडायला जालना गाठलं. ते दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या विभागात. घाटावरच्या माणसाला रेल्वे हवी असेल, तर आजही एकतर घाट उतरावा लागतो, नाहीतर जिल्हा सोडावा लागतो.