संपाचं वेळापत्रक

इटलीत गाडी भाड्याने घ्यायची नाही, यावर आम्हा चौघांचं एकमत झालं. कारणं मात्र चौघांची चार. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं याची मला धास्ती, आणि ते माझ्या हातात असेल याची हिला. ताईंना, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीला, कात्रजच्या घाटातसुद्धा पिशवी लागते. आणि अण्णा, म्हणजे माझे साडू, यांना खासगी गाडी ही कल्पनाच मुळात नापसंत. त्यांची सारी हयात एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. माणसाने वाटेल तेव्हा निघावं आणि वाटेल तिथे थांबावं, याला ते प्रवास म्हणत नाहीत, उंडारणं म्हणतात.

त्यात आमच्या सोसायटीतल्या एकांचं प्रकरण ताजं होतं. इटलीत गाडी फिरवून ते परतले, फोटो दाखवून झाले, पेढे संपले, आणि काही महिन्यांनी कोथरूडच्या पत्त्यावर दंडाची नोटीस आली. तिकडच्या जुन्या शहरांच्या गाभ्यात परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी असते. तिला 'झेडटीएल' म्हणतात. शिपाई अडवत नाही, शिट्टी वाजत नाही. वरून कॅमेरा फोटो घेतो आणि कागद आरामात मागून येतो. ते गृहस्थ हॉटेल शोधत एकाच चौकाला फेऱ्या मारत होते. प्रत्येक फेरीची नोटीस वेगळी.

तेव्हा गाडी नाही. 'दहा दिवसांत सात देश, रात्री गरम पोळी' अशी सहलही नाही, कारण त्या बसमध्ये लघुशंकेची वेळ दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली असते. नियोजन माझ्याकडे आलं. मी शंभर पानी वही केली. ही म्हणाली, एवढा अभ्यास मॅट्रिकला केला असता तर आज गाडी ड्रायव्हरसकट परवडली असती. पण शेंगेन व्हिसावाल्यांना माणूस कुठल्या रात्री कुठे झोपणार हे आधी कळावं लागतं, आणि आजारी पडलात तर किमान तीस हजार युरोंचा विमा लागतो. विम्याच्या अर्जात आजारांसाठी दीड ओळ होती. अण्णांनी तिथे 'सोबत पुरवणी जोडली आहे' असं लिहिलं आणि खरोखरच जोडली.

मी निवडलं बोलोन्या. लोक व्हेनिसला जातात. जावं बापडे, तिथे दर पन्नास पावलांना पुलाच्या पायऱ्या आहेत. प्रवासाची पुस्तकं लिहिणाऱ्यांचे गुडघे तिशीतले असतात, हे माझं फार दिवसांचं मत. बोलोन्याचा जुना भाग बराचसा सपाट, आणि रस्त्यांच्या कडेने कमानींचे छतबंद पदपथ, शहरभर मिळून ६२ किलोमीटर. २०२१ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतले. मी त्याआधीच पसंत केले असते. पाऊस आला तरी छत्री लागत नाही आणि काठीला हात मोकळा राहतो. रेल्वेचं मोठं जंक्शन असल्याने फेरारा अर्ध्या तासावर, रॅव्हेना सव्वा तासावर. बॅगा एकाच घरात ठेवायच्या आणि सकाळी जाऊन संध्याकाळी यायचं. साठीनंतर देश पाहावेत, बॅगा हलवू नयेत.

शहराच्या दोन प्रसिद्ध मनोऱ्यांपैकी उंच आसिनेल्ली ४९८ पायऱ्यांचा. शेजारच्या कललेल्या गारिसेंदाची भीती वाटू लागल्याने २०२३ पासून तोही बंद केलेला. बंद असलेल्या वास्तूसमोर इतक्या प्रसन्न चेहऱ्याने उभा राहिलेला पर्यटक त्या पाटीने पाहिला नसेल.

ऑक्टोबर निवडला तो ऊन उतरतं म्हणून. ते उतरलं, आणि बरंच खाली उतरलं. घरातले रेडिएटर थंडगार. घरमालकीणबाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की त्या भागात हीटर १५ ऑक्टोबरला सुरू होतात, तसा नियमच आहे. थंडीने तारीख वाचली नव्हती. आम्ही स्वेटर घालून झोपलो. अण्णा माकडटोपीतून म्हणाले, "नियम आहे ना? मग बरोबर आहे." इटलीवर त्यांचा जीव जडला तो त्या रात्री.

रॅव्हेनाला गेलो तो शुक्रवार. सकाळी सातच्या सुमाराची पॅसेंजर वेळेवर सुटली, वेळेवर पोचली. गाला प्लासिदियाच्या बुटक्या समाधीत मान वर केली तर गर्द निळ्या छतावर सोनेरी तारे, दीड हजार वर्षांचे, आणि अलाबास्टरच्या पातळ दगडी खिडक्यांतून येणारा मधाळ उजेड. माझी मान तिथेच धरली. दान्ते १३२१ मध्ये या गावात वारला. ज्या फ्लोरेन्सने त्याला हाकललं होतं त्यांनी पुढे त्याच्या अस्थी मागितल्या, रॅव्हेनाने दिल्या नाहीत. ही म्हणाली, "बरोबर केलं." एकला स्टेशनवर आलो, आणि फलकावर सगळ्या ओळी लाल.

तिकिटाचं मशीन मात्र इमानेइतबारे तिकिटं विकत होतं. एका कॉलेजच्या मुलीने इंग्रजीत समजावलं: चोवीस तासांचा संप आहे. पण कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. १९९० च्या कायद्यापासूनची व्यवस्था. म्हणजे सकाळी आम्ही संपातच बसून आलो होतो आणि वर खिडकीजवळच्या जागेचं कौतुक करत होतो.

मी वही उघडली. वहीत फार्मसी होती, दवाखाना होता, देवळांचे उघडझापीचे तास होते. अण्णा मात्र उजळले.

"म्हणजे संपालाही शेड्यूल आहे!" ते म्हणाले. "लोकांना कामावर सोडायचं, संध्याकाळी घरी आणायचं आणि मधल्या वेळात संप करायचा. अहो, याला संप नाही, मधली सुट्टी म्हणतात."

"ही सुट्टी पाच तासांची आहे," ताई म्हणाल्या, "आणि मला बाथरूमला जायचंय."

इथे ज्येष्ठ प्रवाशाच्या अर्थशास्त्राचा मूळ सिद्धांत सांगतो. इटलीत कॉफी काउंटरशी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसलात तर बहुतेक ठिकाणी महाग. बारमधलं शौचालय गिऱ्हाइकासाठी. तेव्हा शौचालयासाठी कॉफी घ्यावी लागते, गुडघ्यांसाठी ती बसून घ्यावी लागते, आणि त्या कॉफीमुळे तासाभराने दुसऱ्या शौचालयाची गरज लागते. चौघांचा हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि टॅक्सीचा भाव विचारून आलो. अण्णांनी आकड्याला रुपयांनी गुणलं आणि परत बाकावर बसले. ही म्हणाली, "टॅक्सी म्हणजे गाडीच ना? गाडी घ्यायची नाही असं ठरलंय." तत्त्वनिष्ठेला असा मुहूर्त फक्त हिलाच सापडतो.

तिसरा तास वाईट गेला. बाक लोखंडी होता. मी हिच्यावर खेकसलो, ही ताईंवर, ताईंनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. तेवढ्यात शेजारी निळ्या स्वेटरातले एक आजोबा येऊन बसले. रेल्वेतून निवृत्त झालेले. हे आम्हाला कसं कळलं, तर त्यांनी रुळांकडे बोट केलं, मग छातीकडे, मग हाताने हिरवं निशाण दाखवलं. अण्णांनी ताबडतोब छातीवर बोट ठेवून "एसटी" म्हटलं आणि हवेत घंटीची दोरी दोनदा ओढली. पुढचा दीड तास ते बोलले. आजोबांना मराठी येत नव्हती, अण्णांना इटालियन येत नव्हतं. पण ऐकायचं दोघांनाही नव्हतं, सांगायचं होतं. गणपतीतल्या जादा गाड्या, नाईट हॉल्ट, पावसाळ्यात बंद पडलेला घाट, सगळं अण्णांनी सांगितलं. आजोबा योग्य जागी मान हलवत होते. मध्येच त्यांनी पुरी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी उचलली. मग पुरीच्या कागदावर सहानंतरच्या गाडीची वेळ आणि फलाट लिहून दिला, आणि त्याखाली अण्णांनी आपली सही केली. का, ते विचारू नका. हाताला सवय असते.

गाडी आली. खच्चून भरलेली. आत शिरताच कानात बुंदे घातलेला एक पोरगा तडक उठला आणि त्याने जागा दिली. मला. अण्णा माझ्याहून मोठे, माझ्याच शेजारी उभे, आणि याने निवडून मला दिली! केस रंगवायचं मी सोडलं ते हिच्या आग्रहावरून. बोलोन्या येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. बसलो मात्र.

बोलोन्याच्या स्टेशनाबाहेर अंधार पडला होता. दर्शनी भिंतीवरच्या घड्याळात १०.२५ झाले होते.

"हेही संपावर का?" ताई म्हणाल्या.

वहीतलं हे पान मी पाठ केलं होतं. २ ऑगस्ट १९८०, शनिवार, सुट्टीला निघालेल्या लोकांची गर्दी, आणि सकाळी १०.२५ ला दुसऱ्या वर्गाच्या प्रतीक्षालयात बॉम्ब फुटला. ८५ माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. प्रतीक्षालयाच्या भिंतीतली भेग बुजवलेली नाही, आणि दगडावर नावांपुढे वयं कोरली आहेत. त्यात तीन वर्षांचीही एक आहे. रुग्णवाहिका पुरेनात, तेव्हा शहर बसच्या मार्ग क्रमांक ३७ ची एक गाडी रिकामी करून खिडक्यांना चादरी लावल्या आणि त्या बसमधून मृतदेह शवागारात नेले. रात्री उशिरापर्यंत ती बस फेऱ्या करत होती.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

"किती नंबर म्हणालात?"

"सदतीस."

"ड्रायव्हरची ड्यूटी कधीच संपली असणार," ते म्हणाले. "दुसरा आला असता तरी त्याने स्टिअरिंग दिलं नसतं."

ताईंनी दिवसभराच्या कुरकुरीबद्दल कुणाचीही माफी मागितली नाही, पण डब्यातली उरलेली पुरी अण्णांना दिली.

शनिवारी सकाळी उठलो तर माझी वही अण्णांच्या ताब्यात. इथे वाहतुकीचा संप करायचा तर किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हे त्यांनी मालकीणबाईंकडून काढून घेतलं होतं, आणि पुढच्या संपाची तारीख लाल शाईने चौकटीत टाकली होती. त्याच दिवसासमोर 'फेरारा' लिहिलेलं.

"अण्णा, संपाच्या दिवशी?"

"त्याच दिवशी. सकाळी हमीच्या गाडीने जायचं, संध्याकाळी हमीच्या गाडीने यायचं. उरलेल्या दिवशी वेळेचा काय भरवसा?"

"आणि मधले नऊ तास?" ही म्हणाली.

"तिथे लाल भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता मिळतो, असं यांनीच वहीत लिहिलंय."

"तो खायला अर्धा तास लागेल."

"मग दोनदा खाऊ," अण्णा म्हणाले. "बसून."