पानं किती?

लग्नघरातला सर्वांत अवघड प्रश्न व्याही विचारत नाहीत, आचारी विचारतो. "पानं किती धरू?" मुलीचे वडील म्हणतात, साडेतीनशे. काका म्हणतात, कमी पडलं तर नाक जाईल, पाचशे धरा. गावाकडचे मोजायचे राहिले म्हणून आत्याबाई आणखी पन्नास वाढवतात. दुसऱ्या दिवशी पातेलंभर जिलब्या घेऊन दारोदार फिरणारी मावशी आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

विजेच्या बाबतीत हाच उद्योग केला की त्याला 'ऊर्जा-प्रणाली विश्लेषण' म्हणतात. करणाऱ्याला पीएच.डी. मिळते आणि उरलेल्या जिलब्या तुमच्या-माझ्या बिलात स्थिर आकार होऊन येतात.

या मंडळींशी माझं वैर नाही. सौर किती, पवन किती, कोळसा कधी बंद, बॅटऱ्या कधी चालू हे सगळं बसवायचं म्हणजे खायचं काम नाही. वर्षाचे तास ८,७६०. प्रत्येक तासाला मागणी आणि पुरवठा जुळलाच पाहिजे, नाहीतर मॉडेल हात वर करून मोकळं होतं. माझी तक्रार त्या गणिताबद्दल नाही. गणित सुरू व्हायच्या आधी पानात हळूच जी गृहीतकं वाढून ठेवलेली असतात, त्यांच्याबद्दल आहे.

या धंद्यातलं सगळ्यांत थाटाचं लग्न व्हिएन्नाजवळ लागलं. लाक्सेनबुर्गला हाब्सबुर्ग राजघराण्याचा जुना महाल आहे. शीतयुद्धात पूर्व-पश्चिमेच्या शास्त्रज्ञांना एका टेबलाशी बसवायचं म्हणून १९७२ साली 'इयासा' ही संस्था निघाली, ती तिथे थाटली गेली. वोल्फ हेफेले या जर्मन शास्त्रज्ञाच्या हाताखाली शंभराहून अधिक संशोधक वर्षानुवर्षं खपले आणि साऱ्या जगाचं २०३० पर्यंतचं पान त्यांनी वाढलं. १९८१ साली दोन जाडजूड खंड बाहेर पडले. त्यात भविष्यासाठी ब्रीडर अणुभट्ट्यांना मानाचं पान होतं. हेफेलेसाहेब त्याआधी काय करत होते? कार्ल्सरूहला जर्मनीचा ब्रीडर प्रकल्प चालवत होते. योगायोग, दुसरं काय!

मग बिल कीपिन नावाचा एक तरुण गणिती तिथे दाखल झाला. पाहुण्यानं जेवावं, विडा घ्यावा, निघावं. हा थेट मुदपाकखान्यात शिरला. संगणकात घातलेले आकडे आणि संगणकातून आलेले आकडे त्यानं शेजारी शेजारी ठेवले. १९८४ साली त्याचा लेख 'नेचर'मध्ये छापून आला. त्याचा मराठीतला मथितार्थ असा: बाहेर आलेलं उत्तर बरंचसं आत घातलेल्या आकड्यांतच होतं. मधली मॉडेलं बाजूला ठेवून कागद-पेन्सिल घेतली असती तरी जवळपास तेच आलं असतं. वर पुन्हा, किमतीचं एखादं गृहीतक जरासं हललं की निष्कर्षाची मान भलतीकडे वळत होती. म्हणजे यंत्रात वरून पुरणपोळी टाकायची आणि खालून पुरणपोळी काढायची. यंत्र मात्र प्रचंड होतं हो, महालात ठेवण्याजोगं.

हे अणुवाल्यांचंच होतं असं समजून हिरव्या मंडळींनी हसू नये. स्टॅनफर्डचे मार्क जेकबसन यांनी २०१५ साली दाखवून दिलं की अमेरिका फक्त वारा, पाणी आणि सूर्य यांवर चालू शकते. २०१७ साली ख्रिस्तोफर क्लॅक आणि आणखी वीस जणांनी त्यांचं पान तपासलं. अमेरिकेची जलविद्युत क्षमता ऐंशी गिगावॉटच्या आसपास. या गणितात मात्र काही तासांना धरणांतून तेराशे गिगावॉट वाहत होते. आपल्या हिशेबात साडेसहाशे कोयना प्रकल्प एकदम सुरू! जेकबसन म्हणाले, ही चूक नव्हे, गृहीतक आहे. धरणांना जादा टर्बाइन बसवायची असं आम्ही धरलंच होतं. आणि एक कोटी डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो मागे घेतला. आमच्याकडे पंगतीत मीठ कमी पडलं म्हणून रुसवे होतात, पण जेवणाऱ्यावर कुणी दावा लावल्याचं ऐकलं नाही.

पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेची तऱ्हा उलटी. तिथले काका हात आखडून वाढणारे. सौरऊर्जेची वाढ आता इथेच थबकणार अशी आडवी रेघ ते वर्षामागून वर्षं मारत राहिले आणि खरी रेघ सरळ वर चढत राहिली. आउके हूक्स्ट्रा या डच संशोधकानं त्या सगळ्या रेघा एकाच चित्रात काढल्या, तर विस्कटलेल्या केरसुणीसारखं काहीतरी दिसू लागलं. २०२३ या एका वर्षात जगात चारशे गिगावॉटच्या वर सौर पॅनेल बसले. विचारलं तर उत्तर ठरलेलं: तो अंदाज नव्हता, 'सिनॅरिओ' होता. जमला की अंदाज, चुकला की सिनॅरिओ. आणि सालं पाहा ना, २०४७, २०७०! तोवर करणारा निवृत्त आणि वाचणारा गायब.

आता घरचं कार्य. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अठराव्या वीज सर्वेक्षणानं २०२१-२२ ची देशाची कमाल मागणी धरली होती सुमारे २८३ गिगावॉट. आली २०३. करोना आडवा आला म्हणाल, तर त्याच सर्वेक्षणातलं २०१६-१७ बघा: धरली जवळजवळ २००, आली १६०. तेव्हा तर कुणी शिंकलंही नव्हतं.

जास्त पानं धरली की काय होतं, हे कोकणाला विचारा. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळानं एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार केला. वीज घ्या नाहीतर न घ्या, केंद्र तयार असलं की क्षमतेचे पैसे मोजायचे. जागतिक बँकेनं त्याच वर्षी या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. एवढी महाग वीज एवढ्या प्रमाणात लागणार नाही, असा तिचा हिशेब होता. पुण्यात 'प्रयास' संस्थेच्या गिरीश संत आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली करारातली आकडेमोड उलगडून लोकांपुढे ठेवली. दोन्ही हिशेब बरोबर होते. १९९९ साली पहिला टप्पा सुरू झाला, २००१ साली बंद पडला. बरोबर आलेल्या गणिताला कोण विचारतो? लग्नात काकांचाच आवाज मोठा.

तसं पाहिलं तर प्रश्न उलटा विचारणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी. वीज किती लागेल हे विचारण्याआधी ती कशाला लागेल ते विचारा, असं त्यांचं म्हणणं. माणसाला युनिट नको असतं, उजेड हवा असतो, पाणी हवं असतं. कर्नाटक सरकारच्या समितीनं २००० सालासाठी जी मागणी धरली होती, तिच्या निम्म्याहून कमी विजेत काम भागेल असं त्यांनी नि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली मांडलं. कसं, तर चांगले दिवे, चांगले पंप आणि नव्या झोपडीतही वीज धरून. जिलब्या कमी आणि पंगतीला माणसं जास्त! अशा आचाऱ्याला कार्यमालक दुसऱ्यांदा बोलावत नाहीत.

आणि गृहीतकांचा राजा तर आपल्या शेतातच बसला आहे. आज कुणीही उठतो आणि महाराष्ट्राचं तासातासाचं मॉडेल करतो. चांगलं आहे, आता साधनंही खुली आहेत. 'प्रयास'नं स्वतःचं 'रूमी' हे मॉडेल बनवायचं साधन कुणालाही वापरायला ठेवलंय. पण त्यात आकडा घालायचा कुठला? राज्यात शेतीपंप चाळीस लाखांवर. लाखोंना मीटर नाही, बिल अश्वशक्तीवर. मीटर आहे तिथे तो चालतो की नाही हे विहिरीतल्या बेडकाला ठाऊक. शेतीला विकलेली वीज जितकी जास्त दाखवाल तितकी गळती आपोआप कमी दिसते, ही किमया वीज नियामक आयोगापुढे अनेकदा उघडी पडली आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत. बिलच शून्य असेल तर त्या मीटरकडे बघायला बांधावरून जायचं कुणी? अशा आकड्यावर उभं केलेलं मॉडेल दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत उत्तर देतं. या तीन आकड्यांना माझा साष्टांग नमस्कार.

अशा मॉडेलवरच्या पेपरात पुढे 'शेतीचा भार रात्रीतून दिवसाकडे वळवणे' असं एक वाक्य असतं. सौर वाहिनी टाकायची, दिवसा वीज द्यायची, दर युनिटमागे इतके पैसे वाचले. कल्पना सोन्यासारखी आहे. पण जुन्नरकडच्या शेतकऱ्याला विचारा. रात्री दोनला उसात पाणी धरायला जाताना तो एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेतो, ते पैशांसाठी नव्हे. बिबट्याचा रकाना मॉडेलमध्ये नसतो.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी २०४७ चा गुळगुळीत अहवाल हाती आला तर प्रस्तावना वाचू नका, मंत्र्यांचा फोटो पाहू नका. मागून उघडा. परिशिष्टात शेतीपंपांची ओळ शोधा आणि तो आकडा कुणी, कुठे, कोणत्या मीटरवर मोजला ते लिहिलंय का बघा. लिहिलं नसेल तर पानावर बसू नका.